पेटारा, एक नग

दर गुरुवारी सहाला, रसीनच्या वाचनालयाच्या तळघरात,
मी चार माणसांना मारायचा मनापासून प्रयत्न करते.
हत्यारं: चौकटीचा कागद, पेन्सिल,
वीस बाजूंचा एक फासा, कोपरे झिजलेला.
वर रस्त्यावर बर्फ खरवडणारी गाडी जाते
आणि आमच्या चिमुकल्या शिशाच्या योद्ध्यांना कापरं भरतं.

पहिला बहुरूपी पेटारा होता.
लोवेलने झाकण उचललं
आणि त्याच्या बुटक्या वीराची तीन बोटं गेली.
मग दार. मग खुर्ची.
मग जिन्याची सातवी पायरी, फक्त सातवीच.
तेव्हापासून हे लोक
पाण्याच्या बादलीलाही आधी दगड मारून बघतात.
एकदा रिकाम्या खोलीत पाऊण तास गेला.
कपाट कपाटच होतं हो.
त्याला सत्तावीस घाव बसले,
आणि ओडेल, ट्रॅक्टरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस,
म्हणाला, "मेलं वाटतं."
हसू नका. मीसुद्धा हल्ली
पुस्तकं परत टाकायच्या पेटीला
आधी टिचकी मारते.

नियमांच्या पुस्तकात सगळं आहे:
त्याचा चिकटपणा, त्याचे दात, त्याला मारायला किती घाव लागतात.
दबा धरून बसलेला असताना
त्याच्या मनात काय चालतं, तेवढं नाही.

टोबिन जानेवारीत आला. अकरा वर्षांचा.
हे त्याचं चौथं घर, असं त्याला आणणाऱ्या बाई
जिन्यात हळूच म्हणाल्या, आणि वर मासिकं चाळत बसल्या.
जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत. कधी उघडली नाही.
लोवेल हसला की हा लोवेलसारखा हसायचा,
खांद्यांनी.
मारिटजवळ बसला की तिच्यासारखाच गप्प,
रात्रपाळीच्या नर्सचं ते दमलेलं गप्प.
तिसऱ्या गुरुवारी तो ओडेलसारखा
नाकातून "हं, बघू" म्हणाला
आणि माझी पेन्सिल थांबली.
त्याच्या पात्राला मात्र नाव नव्हतं.
"नंतर ठरवतो."

काल मिठाच्या बुडालेल्या खाणीत,
गुडघाभर पाण्यात, एक पेटारा.
कडीकुलपासकट. कोरडा.
कोरडा म्हटल्याबरोबर तिघांनी शस्त्रं काढली.
"थांबा," टोबिन म्हणाला. "मी बोलतो त्याच्याशी."

बोल.

"तुला इथे किती दिवस झाले?"

मी पान उलटलं. मग मागचं उलटलं.
फासा हातात घेतला, खाली ठेवला.
"आठवत नाही," पेटारा म्हणाला. म्हणजे मी.

"आधी काय होतास?"

"दार. त्याआधी खुर्ची.
ज्या खोलीत जे लागेल ते."

"आणि खोलीत कुणीच नसलं की?"

हीटर दोनदा खोकला.
तीस वर्षं मी राक्षसांच्या वतीने बोलते आहे,
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
टोबिनने मान हलवली,
बेचा पाढा सांगावा तसं सांगितलं,
"कळत नसतं ते. अंधारात बसून राहायचं."

कुणी काही बोललं नाही.
मग लोवेलने, त्याच तीन बोटं गेलेल्या लोवेलने,
आपल्या कागदावरची एक सुकी भाकर खोडली
आणि म्हणाला, "त्याच्यापुढे ठेवतो. लांबून."
ओडेल कुरकुरला, "आता हा आपल्याबरोबर येणार का?
नाव कोण ओढणार?"
मारिटने त्याला टेबलाखालून लाथ मारली.

पावणेआठला रखवालदाराने दिवे दोनदा मिचकावले.
फासे डब्यात, नकाशाची गुंडाळी, खुर्च्या भिंतीला.
टोबिनचा कागद टेबलावरच राहिला होता.
नावाची जागा अजून कोरीच.
सामानाच्या रकान्यात दोरी, मशाल,
आणि त्याखाली, इतकं दाबून की मागे उमटलेलं:

पेटारा, एक. जिवंत.
मारू नये. आधी विचारावं.